मामांचा एकुलता एक होकार

"गाडी बघायला जा, पण मामाला नेऊ नकोस," असं आईने सिस्टरला बजावून सांगितलं होतं. सख्खी बहीण भावाबद्दल असं म्हणते, म्हणजे काय ते समजून घ्या! पण सिस्टरला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मामांचा उभा जन्म जुन्या गाड्या घेण्या-विकण्यात गेला होता. गावभर त्यांना उलटमामा म्हणत. कुणी चहा गोड झालाय म्हटलं की ह्यांना तो फिक्का लागे, आणि "हो, फिक्काच आहे जरा" म्हणून माघार घ्यावी, तर म्हणत, "फिक्का? पाक आहे नुसता!"

सिस्टर नर्स होती, म्हणून सगळे तिला सिस्टरच म्हणत. डोंगरावरच्या वस्त्यांवर बाळंतपणं करायला ती स्कूटरवर जायची. मागच्या खेपेला अर्ध्या चढावर स्कूटरने मान टाकली आणि ही बाई बॅग डोक्यावर घेऊन उरलेली वाट धावत गेली. बाळ-बाळंतीण वाचली, पण अगदी थोडक्यात. तेव्हापासून एकच भीती तिच्या मानगुटीवर बसली होती. पुढच्या वेळी वाटेत अडकले तर? साठवलेल्या पैशात नवी गाडी येणं शक्यच नव्हतं. चढाला दमणार नाही आणि मागे एक माणूस आडवं झोपू शकेल, अशी एखादी जुनी मध्यम एसयूव्ही मिळाली तर मिळाली.

"मी खोड काढणार," मामांनी वाटेत बेत सांगितला. "खोड काढली की भाव पडतो. तू फक्त तोंड शिवून बसायचंस."

गाडी होती मधवाल्या बाईंची. पासष्टीच्या बाई, मधमाश्या पाळायच्या. आता गुडघे गेले होते, क्लच दाबवत नव्हता, म्हणून गाडी काढायची होती. अंगणात मधाच्या रिकाम्या पेट्यांची चळत, आणि तिच्या शेजारी ती राखाडी गाडी. ही दोघं फाटकातून आत शिरतात न शिरतात तोच बाईंनी बॉनेट उघडलं.

"आधी हिचे अवगुण ऐका, मग चहा पिऊ," बाई म्हणाल्या. "सकाळी थंड इंजिन चालू केलं की खडखडतं. ती टायमिंग चेन, आतली साखळी. सैल झालीय. वॉटर पंप झिरपतो, म्हणून चढावर तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवायचा. पुढच्या चाकांचे बुश, ते धक्के झेलणारे रबर, गेलेत, खड्ड्यात हाडं मोजून घ्या. तिसरा गिअर कुरकुरतो. पंप आणि बुश फार महाग नाहीत, मेकॅनिक दुपारभरात उरकतो. साखळीसाठी मात्र इंजिन उघडावं लागतं. गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा त्यातच जाईल."

झालं! मामांच्या तोंडचा घासच बाईंनी काढून घेतला. काढायला एक खोड म्हणून शिल्लक ठेवली नाही. आणि समोरच्याला खोडून काढल्याशिवाय तर मामांना अन्न पचत नाही.

"छे हो!" मामा म्हणाले. "एवढ्याशा खडखडीला कोण घाबरतं? ह्या गाड्या वाजतातच."

"इंजिन तेल पितं."

"पिईना का! वय झालंय बिचारीचं."

बाईंनी किंमत सांगितली आणि विचारलं, "जास्त वाटते का?"

"जास्त? अहो, मातीमोल विकताय तुम्ही!"

सिस्टरने त्यांच्या दंडाला चिमटा काढला. "चिमटे काय काढतेस?" मामा खणखणीत आवाजात म्हणाले. सिस्टरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

बाई मात्र मामांकडे जरा निरखून बघत होत्या. मग सिस्टरकडे वळल्या. "गाडी कशाला हवी गं तुला?"

सिस्टरने खरं ते सांगितलं. चढ, वस्त्या, स्कूटर, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं आणि बॉनेट धाडकन बंद केलं.

"मग नाही देत."

"मावशी!"

"ही साखळी एखाद्या चढावर तुटली तर इंजिन जागच्या जागी बसेल. माझा मध दोन दिवस उशिरा पोचला तर काही बिघडत नाही. बाळ थांबतं का?"

सिस्टरच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या पैशात दुसरी गाडी तिने बघितली नव्हती असं नाही. पाच बघितल्या होत्या. पाचही मालकांनी "एक पैशाचं काम नाही" अशी छातीठोक ग्वाही दिली होती, आणि त्यातली एक तर तिच्यासमोरच बंद पडली होती.

बाईंना ते पाणी दिसलं. "रडू नकोस," त्या म्हणाल्या. "साखळी बदलून देते, मग ने. खर्च माझा."

"मुळीच नाही!" मामा गरजले. "खर्च आमचा!"

सिस्टरने कपाळावर हात मारला. गाडीचे पैसे दिल्यावर तिच्याकडे पेट्रोलपुरते उरणार होते, आणि हा माणूस आलेली लक्ष्मी लाथाडत होता. पण मधवाल्या बाई शांतपणे मान डोलावून म्हणाल्या, "बरोबर बोललात भाऊ. खर्च तुमचाच."

"आमचा? का म्हणून?" मामा उसळले. "गाडी तुमची, साखळी तुमची, खर्च तुमचाच!"

"बरं बाई, माझा तर माझा," असं म्हणून बाई चहा टाकायला आत गेल्या. जाता जाता त्यांनी सिस्टरकडे बघून एक डोळा बारीक केला. मामांबरोबर जन्म काढलेल्या लोकांना जे साधलं नाही, ते ह्या बाईने बॉनेटशी उभ्या उभ्या साधलं होतं. सिस्टरला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

इंजिन उघडल्यावर मेकॅनिकने साखळीखालची पट्टी काढून दाखवली. मधोमध तडकली होती. "आज ना उद्या तुटलीच असती," तो म्हणाला. बाईंनी पंप आणि बुशही बदलून घेतले होते. त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, ते मेकॅनिककडूनच कळलं.

गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी वरच्या वस्तीवरून फोन आला. मामा शेजारी बसले होते, तसेच गेले. तिसरा गिअर कुरकुरला, गाडीत मधाचा वास दरवळत राहिला, आणि तापमानाचा काटा काही वर सरकला नाही. वर मुलगी झाली, पण बाळंतिणीचं रक्त थांबेना. तिला मागच्या सीटवर आडवं केलं, तिची सासू पायांशी बसली आणि सिस्टरने गाडी खाली दवाखान्याकडे काढली. तान्ही पोर मामांच्या मांडीवर होती. डोंगर उतरेपर्यंत प्रत्येक वळणाला मामा तिचं डोकं तळव्यात धरत होते.

"वेळेवर आणलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी परतताना सिस्टरने गाडी सावकाश काढली. "मामा," ती म्हणाली, "त्या मधवाल्या बाई म्हणजे देवमाणूस आहेत हो. आपल्याच गाडीचे दोष आपल्या तोंडाने सांगितले, वर पदरमोड करून साखळी घातली. ती बाई आज ह्या दोघींना वाचवून गेली."

आणि ती मामांच्या "छे!"ची वाट बघत राहिली.

"हो," मामा म्हणाले.

सिस्टरने गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि आधी मामांची नाडी बघितली.