लव्हाळ्याची झोपमोड

"कुणाला पटायचं न्हाय, पण जमिनीखाली झोपलेल्या लव्हाळ्याला मी उठवलाय!"

चंद्राबाईच्या तेराव्याचं जेवण उरकून आम्ही तिच्या चौलच्या घराच्या पडवीत बसलो होतो. सगळ्यांचे चेहरे पडलेले. कुणीतरी बोलायला हवं होतं, म्हणून मी सुरू झालो. सुपारीचं तबक घेऊन आलेली तिची लेक कमळही दाराशी थांबली.

पाच वर्षांपूर्वी मी शेतकी खात्यात फवारणीला होतो. चंद्राबाईचा पांढऱ्या कांद्याच्या शेताचा तुकडा लव्हाळ्याच्या तणाने खाल्ला होता. कितीही खुरपा, खालच्या गाठी झोपून राहायच्या आणि सवडीने उगवून कांद्यातून आरपार जायच्या. जमीन दिराची. शिवदासने बजावलं होतं, "वैनी, यंदा साफ झाला तर कांदा कर. न्हायतर मी माड लावतो."

साहेबांनी दोन औषधं दिली. पहिलं गाठींना जागं करणारं. सगळ्या गाठी उगवून पानं तरारली, की मग दुसरं, मारणारं. ते पानांतून खाली गाठीपर्यंत उतरायचं.

पहिलं मारलं मात्र! तिसऱ्या दिवशी लव्हाळा गुडघाभर. उगवण्याचा आवाज पार रेवदंड्यापर्यंत. विडी ओढायला मी काठी रोवली, तर काठीला पालवी!

"पालवी? मंग फुलं कवा आली?" अंबाजीने विचारलं. पडवी हसली.

चंद्राबाई मात्र तेव्हा रडवेली झाली होती. "दिनूभाव, ह्ये मारायचा औषध का वाढवायचा? येणारी-जाणारी हसतात वो."

"हसू दे. सोमवारी साहेब येतात, दुसरा मारू."

सोमवारी गेलो तर तुकडा अंगणासारखा लख्ख. मोठा माणूस येणार, त्याला असं रान कसं दाखवायचं, म्हणून तिने दोन दिवस वाकून पात न् पात उपटली होती. पदराला हिरवी बोटं पुसत ती बांधावर उभी होती. कौतुकाची वाट बघत.

साहेबांनी पंप खाली ठेवला. औषध उतरायला पानच नव्हतं.

महिन्याभरात लव्हाळा परत आला. शिवदासने माडाचे खड्डे खणले.

"मी बजावला व्हता तिला," मी पडवीला सांगितलं. "वैनी, पातीला हात लावू नको. धा वेळा बजावला. पण तिनं आयकलाच न्हाय."

कमळने तबक खाली ठेवलं.

"खोटा हाय, दिनूकाका. मी तिथंच व्हते. तुमी चाय प्यायलात, सोमवार सांगितलात नि गेलात. पानं ठेव, असा कोनीच बोलला न्हाय. आय मरेपर्यंत सोताला अडाणी म्हनत रायली."