गालावरचा पट्टा

मार्लिस हॉइटला अस्वलांचा उबग आला होता. जिवंत नव्हे, लाकडी. सिएरा पर्वतात ज्याच्या त्याच्या केबिनच्या दारात एक लाकडी अस्वल लागतं, पंजात स्वागताची पाटी धरलेलं. तीच माणसं खरं अस्वल कचऱ्याच्या डब्यापाशी दिसलं की गाडीत घुसून काचा वर करतात. असल्या शूरवीरांसाठी मार्लिसने अर्धं आयुष्य चेनसॉ, म्हणजे यांत्रिक करवत, चालवून ओंडक्यांतून अस्वलं काढली. बसलेली, उभी, मासा धरलेली. एकाला तर संडासातल्या कागदाची गुंडाळी धरलेलं हवं होतं. ते देऊन आली त्या दिवशी मार्लिस घरी येऊन रडली, आणि ती रडणारी बाई नव्हती.

म्हणून चिपमंक फ्लॅट गावाने हमरस्त्याच्या फाट्यावर गावाच्या नावाला शोभेलसा भलामोठा चिपमंक, म्हणजे खारीचा पट्टेरी चुलतभाऊ, बसवायचं ठरवलं, तेव्हा समितीने विचारायच्या आधीच ती हो म्हणाली. वीज पडून उन्मळलेला एक देवदार तिने ओढून आणला आणि अख्खा उन्हाळा त्यावर घातला. नमुना म्हणून समोर जेराल्ड होता. जेराल्ड म्हणजे तिच्या पडवीत शेंगदाणे खाऊन खाऊन ढेरी सुटलेला, पाठीवर पट्टे असलेला, खारीच्या कुळातला एक गुलाम. केस न् केस उतरला लाकडात. मेल्यावर आपलं नाव निघालं तर या चिपमंकामुळे निघेल, अस्वलांमुळे नाही, एवढंच तिला हवं होतं.

अनावरण शनिवारी होतं. गुरुवारी समिती अग्निशामक बंबाच्या शेडमध्ये मूर्ती बघायला आली. अध्यक्ष ड्वाइट प्रूइट शहरवाल्यांना केबिनी विकायचा, आणि त्याला पहिल्यापासून फाट्यावर प्लास्टिकचं अस्वल हवं होतं. सोबत डॉक्टर लोवेल फेन होते. आयुष्यभर या गृहस्थांनी गावाचे दात काढले आणि निवृत्त झाल्यावर गावाच्या चुका काढायला घेतल्या.

डॉक्टरांनी मूर्तीला प्रदक्षिणा घातली. चष्मा पुसला. पुन्हा प्रदक्षिणा घातली.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले. "पण हा चिपमंक नाही."

"मग काय माझा दीर आहे?" मार्लिस म्हणाली.

"भुईखार आहे. सोनेरी भुईखार. पट्टे बघ, खांद्यापाशी संपले. चिपमंकाच्या तोंडावरही पट्टे असतात. डोळ्यातून काळा, त्याच्या वर-खाली पांढरे, थेट नाकापर्यंत. हिचं तोंड कोरं आहे. शिवाय चिपमंक सडपातळ. ही जरा... खात्यापित्या घरची वाटते."

ड्वाइटच्या मनात लाडू फुटले ते चेहऱ्यावर दिसले. "गावाच्या वेशीवर खोटा चिपमंक? छे छे. वाईट वाटून घेऊ नकोस मार्लिस. शनिवारी पॅनकेकच्या न्याहारीला सरपण लागणारच आहे. अस्वलवाल्याला मी फोन करतो."

"आधी तुझ्या टोपीवरचं गावाचं चित्र बघ," मार्लिस म्हणाली. "कुठाय पट्टा?"

ड्वाइटने टोपी काढली. गाल कोरा. शाळेच्या सदऱ्यांवर कोरा, पोस्टाच्या भिंतीवर कोरा, नोरीनच्या खानावळीतल्या कपांवर कोरा. गावाने पिढ्यान् पिढ्या भलत्याच प्राण्याला आपलं नाव चिकटवून मिरवलं होतं. यात नवल ते काय? चिपमंक दाणा उचलतो आणि पसार होतो. भुईखार पायात घोटाळते, मांडीवर चढते, फोटो काढू देते. जो हावरटासारखा जवळ येतो तोच लोकांना आपला वाटतो. निवडणुकीतही दुसरं काय होतं?

पण ड्वाइटला लाज नव्हती. "टोप्या बदलता येतील," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत हा चिपमंकासारखा दिसला नाही, तर अस्वल."

मार्लिस घरी गेली. पडवीत जेराल्ड हजर होता. तिने त्याला निरखून पाहिलं. तोंड चकचकीत, कोरं, निर्लज्ज.

"मेल्या, इतकी वर्षं खोट्या नावाने चरलास माझ्याकडे!"

जेराल्डने शेंगदाण्यासाठी हात पुढे केला. तेवढ्यात सरपणाच्या ढिगावरून काहीतरी सुळकन गेलं. बारीक अंगाचं, घाईतलं, नाकापर्यंत पट्टे ओढलेलं. म्हणजे खरा इसम रोज इथेच होता आणि तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिने स्वतःला एक सणसणीत शिवी दिली आणि करवतीची साखळी घासायला घेतली.

शुक्रवारी दिवसभर शेडमध्ये भुसा उडाला. चिपमंकाची ढेरी उतरली, गाल खोदले गेले, गॅसच्या ज्योतीने लाकूड जाळून काळे पट्टे उमटवले गेले. संध्याकाळी गाव जमलं. तोंड बघून डॉक्टरांनी मान डोलावली. मार्लिसने श्वास सोडला, आणि तिथेच नोरीन बोलली.

"पण शेपूट अशी आडवी का गं? माझ्या अंगणातला तर शेपूट झेंड्यासारखी उभी करून पळतो."

"तो सगळ्यात लहान जातीचा, झुडपांतला," डॉक्टर म्हणाले.

"माझ्या गोठ्यातल्याच्या कानामागे कानाएवढा पांढरा ठिपका आहे," घोडेवाला आर्लो म्हणाला. "याला कुठाय?"

"तो लांबकान्या."

"आणि आमच्याकडचा काळपट, पट्टे पुसल्यासारखे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

"तो आणखी निराळा. सावलीतला."

मग पेटलंच. ज्याच्या त्याच्या अंगणातला चिपमंक खरा, बाकीचे उपरे. आर्लो नोरीनला म्हणाला, "तुझा तो झेंडेवाला म्हणजे उंदीर आहे, उंदीर." नोरीन म्हणाली, "तुझ्या गोठ्यात दुसरं कोण राहायला येणार?" ड्वाइट खुर्चीवर चढला. "गावाचं एकमत नाही! मी अस्वल मागवतो!"

"एक मिनिट," मार्लिस म्हणाली. "डॉक्टर, शेपूट, कान, रंग सोडा. दोन अगदी सारखे दिसणारे समोर आले, तर शास्त्रज्ञ जात कशी सांगतो? नक्की, शंभर टक्के?"

डॉक्टरांनी घसा खाकरला. "काही जाती नुसत्या नजरेने नाहीच कळत. हाड बघावं लागतं."

"कुठलं?"

"नराचं."

"नराचं कुठलं?"

गावातल्या प्रत्येकाच्या तोंडात हात घातलेल्या माणसाला स्वतःचं तोंड उघडवेना. "त्याच्या... लिंगात एक बारीक हाड असतं," ते शेवटी म्हणाले. "प्रत्येक जातीत त्याचा आकार वेगळा."

"अरे देवा," नोरीन पुटपुटली.

मार्लिसने डोळ्यांवर करवतकामाचा संरक्षक चष्मा ओढला. "म्हणजे गावाला बिनचूक चिपमंक हवा, तर तेच दाखवायला हवं. पोटाखाली लाकूड आहे शिल्लक. मूर्ती माणसाहून उंच. त्या मापाने केवढं होईल हो डॉक्टर?"

डॉक्टर प्रामाणिक माणूस. ते खरोखरच हवेत हाताने माप घेऊ लागले. हात एकमेकांपासून लांब जात राहिले. लोकांच्या माना त्यांच्यासोबत जात राहिल्या. मार्लिसने करवत सुरू करायची दोरी खेचली.

"थांब!" ड्वाइट करवतीच्या आवाजाला वरताण किंचाळला. "हमरस्ता आहे तो! शाळेची बस जाते तिथून!"

"मग सांग, हा चिपमंक आहे की नाही?"

"आहे! चिपमंकच आहे! आपला साधा, सर्वसाधारण चिपमंक! कुणाची हरकत?"

एकही हात वर झाला नाही. आर्लोने तर दोन्ही हात खिशात घातले.

शनिवारी फाट्यावर मूर्तीवरचा पडदा बाजूला ओढला गेला. बँड वाजला, पॅनकेक वाटले गेले, ड्वाइटने भाषणात ही कल्पना स्वतःची असल्याचं सांगितलं. पहिल्याच गाडीतून उतरलेली शहरातली बाई मूर्तीपुढे थबकली आणि तिने टाळी वाजवली.

"अगंबाई, किती गोड अस्वल!"

मार्लिसने हातातली बशी खाली ठेवली. त्या बाईला दंडाला धरून ती मूर्तीपाशी घेऊन गेली. "ताई, गालावर काय दिसतंय?"

"पट्टा."

"पाठीवर?"

"तिथेही पट्टे."

"दोन्हीकडे पट्टे, म्हणजे कोण?"

"चिपमंक?" बाईने घाबरत विचारलं.

"शाबास!" लांबून डॉक्टर समाधानाने चष्मा पुसत होते.

एवढ्यात लोकांचा गलका झाला. सगळे फोन वर रोखले गेले. मूर्तीच्या डोक्यावर जेराल्डचा कुणी भाऊबंद चढून बसला होता. गालफडात पॅनकेक, पाठीवर पट्टे, तोंड साफ कोरं.

"बघा बघा!" सगळे ओरडले. "खरा चिपमंक!"

"तो नव्हे, गाढवांनो!" मार्लिस गर्दीत घुसली. "तो नव्हे! त्याच्या खालचा! खालचा बघा!"