आगबोट जोर धरीना

चार महिने कोलशेतच्या खाडीत बांधून ठेवलेली हरिहरपंतांची छोटी आगबोट नारळी पौर्णिमेनंतर सुरू झाली, पण जोर धरीना. वाफ भरपूर, धूर भरपूर, वेग मात्र बैलगाडीचा! पंतांनी इंजिन दोनदा उघडलं, पुसलं, जोडलं.

काठावर मोरू कोळी चडफडत होता. पावसाळ्याआधी होडी वर ओढायची असते, हे त्याने बजावलं होतं. "ही होडी नव्हे, यंत्र आहे," म्हणाले होते पंत. यंत्राला खाडी काय ओळखून सोडणार होती?

ओहोटीला बोट चिखलात कलंडली. मोरूच्या बायकोने, शेवंतीने, बुडाला शिंपल्यांसकट चिकटलेली कालवं कोयत्याने खरवडली. तीन टोपल्या भरल्या.

"मग इंजिनात बिघाड काय होता?" पंतांनी विचारलं.

"काय पन नाय," मोरू म्हणाला. "बिचारं आर्धी खाडी वढत व्हतं."