बंद गाडीतली गळती

गाडी पुन्हा सुरू झाली नाही. स्टार्टरने नुसतं टक् टक् केलं आणि डॅशबोर्डवरचे दिवे मंद होत विझले. मुलाने खिडकीतून हात घालून किल्ली काढली, स्वतःच्या खिशात टाकली आणि लहान पोराची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाला, "लाईट राहिला असेल गं, आई. होतं असं या वयात. आता गाडी चालवणं बास."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तळघरातल्या पार्किंगमध्ये शेजारीपाजारी उभे होते, म्हणून त्या गप्प बसल्या.

जन्मभर शाळेत विज्ञान शिकवल्यामुळे सगळी इमारत त्यांना बाईच म्हणे. गाडी त्यांच्या स्वतःच्या पगाराची. सुनेच्या आधीपासून घरात आहे आणि तिच्यापेक्षा कमी कुरकुर करते, असं त्या सुनेसमोरच म्हणत आणि सूनही हसे. आता निवृत्त झाल्यावर आठवड्यातून एकदाच गाडी निघायची, अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीला भेटायला. गेले काही आठवडे नेमकी त्याच दिवशी गाडी मान टाकत होती. बॅटरी नवी घातली, तरी तेच.

आणि मुलाने तोवर सगळीकडे बभ्रा केला होता. त्या आजारी मावशीलाही सांगितलं, "आई विसरायला लागलीये." विस्मरणाच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळही घेऊन टाकली. याहून वाईट म्हणजे बाईंनाही ते खरं वाटू लागलं होतं. जिना अर्धा उतरून त्या कुलूप बघायला परत वर येत. गॅसचं बटण बंद केल्यावर ते पुन्हा चाचपत. रात्री कूस बदलत विचार करत, की लाईट बंद केल्याचं आठवतंय ते आजचं, की मागच्या आठवड्याचं?

त्या दिवशी मात्र वर न जाता त्या सरळ वॉचमनकडे गेल्या.

"माझ्या गाडीचा दिवा रात्री कधी चालू दिसला?"

"बाई, या खालच्या अंधारात काडी पेटवली तरी मला दिसते. तुमच्या गाडीचा दिवा चालू असता तर मी वर येऊन दार ठोठावलं नसतं?"

"मग हे माझ्या मुलाला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं कुठे? ते तर सांगतच आले."

बाई तिथेच उभ्या राहिल्या. हेडलाईट राहिला असता तर बॅटरी एका रात्रीत झोपली असती. पण मध्यंतरी एकदा बहिणीला बरं नव्हतं म्हणून त्या लागोपाठ दोन दिवस गेल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी गाडी एका झटक्यात सुरू झाली होती. गाडी मरत होती ती नुसती उभी राहून. म्हणजे सगळं बंद असताना कोणीतरी थोडी थोडी वीज पीत होतं. हे आपल्याला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण स्वतःच्या डोक्यावर शंका घ्यायला लावून लोकांनी ते डोकं वापरूच दिलं नव्हतं.

त्यांनी ठिणगीला फोन केला. ठिणगी त्यांचा जुना विद्यार्थी. शाळेच्या प्रयोगशाळेत त्याने एकदा असं काही जोडलं होतं, की वर्गभर अंधार झाला. तेव्हापासून हे नाव चिकटलं आणि पुढे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान टाकल्यावर त्याने तेच पाटीवर लिहिलं. नवी बॅटरी त्यानेच विकली होती.

मुलगा किल्ली द्यायला खाली आला. ती त्याने आईकडे न देता ठिणगीच्या तळहातावर ठेवली. "बघ बाबा, तिचं समाधान होऊ दे," म्हणाला आणि वर निघून गेला.

"बाई, खरं सांगू?" ठिणगी बॉनेट उघडत म्हणाला. "लाईटच राहत असणार. माझी आई पण..."

"तुझ्या आईचं तू तुझ्या घरी बघ. बॅटरी बदललीस तेव्हा गळती मोजली होतीस?"

"नाही."

"मग कशाच्या जोरावर विकलीस?"

ठिणगी कानाची पाळी चोळत मीटर काढू लागला. "शाळेत पण असंच धुवायचात तुम्ही."

"धुतलं, पण डाग काही गेला नाही. ऋण टोकाची वायर सोडव आणि मीटर मध्ये जोड."

दार उघडं राहिलं तर आतला दिवा लागतो आणि मोजणी फसते, म्हणून बाईंनी दाराच्या चौकटीतलं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवलं. किल्ली बाहेर, रेडिओ बंद, सगळे दिवे बंद. एवढ्या जुन्या गाडीत घड्याळापुरती किरकोळ वीज जायला हवी. मीटरवर त्याच्या कितीतरी पट आकडा आला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

"च्यायला," ठिणगी म्हणाला. "सॉरी, बाई."

"सॉरी नंतर म्हण. मी फ्यूज काढते, तू आकडा सांग."

स्टिअरिंगखाली वाकून त्यांनी एकेक फ्यूज चिमट्याने उपटायला सुरुवात केली. हॉर्नचा काढला, आकडा हलला नाही. परत बसवला. वायपरचा काढला, तरी तेच. गुडघे ठणकत होते, मान अवघडली होती, आणि प्रत्येक फ्यूजबरोबर राग चढत होता.

"पडला!" ठिणगी ओरडला. "बाई, आकडा पडला! कुठला काढलात?"

"रेडिओ आणि घड्याळाचा."

रेडिओ बाहेर काढून त्याची जोडणी सोडवली आणि फ्यूज परत घातला. आकडा पुन्हा वर. म्हणजे रेडिओ निर्दोष होता. त्याच वायरवर आणखी कोणीतरी पंगतीला बसलं होतं. ठिणगीने पोकळीत हात घातला आणि काड्यापेटीएवढी एक काळी डबी बाहेर ओढली. तिच्या दोन वायरी रेडिओच्या वायरीला पिळून वर टेप गुंडाळलेली.

ती उलटीसुलटी करून तो बघू लागला.

"काय आहे?" बाईंनी विचारलं.

"ट्रॅकर. गाडी कुठे जाते ते मोबाईलवर दिसतं. इथे तळघरात मोबाईलची रेंज येते, पण उपग्रहाचा सिग्नल येत नाही ना, मग हा बिचारा रात्रंदिवस तोच शोधत बसतो. झोपतच नाही. म्हणून एवढी वीज खातो." त्याने टेपवर बोट फिरवलं. "हे माझं काम नाही, बाई. शपथ."

कोणाचं ते बाईंना कळलं होतं. हा त्रास सुरू व्हायच्या जरा आधीच "तू कशाला दगदग करतेस" म्हणत सर्व्हिसिंगला गाडी मुलगाच घेऊन गेला होता. त्यांनी त्याचं केवढं कौतुक केलं होतं! अगदी बहिणीलाही फोन करून सांगितलं होतं.

त्या डबी घेऊन वर गेल्या आणि जेवणाच्या टेबलावर मुलाच्या ताटाशेजारी ठेवली.

"काळजीपोटी लावलं गं," तो म्हणाला.

"मोबाईल दे. यात बॅटरीचं व्होल्टेज दिसतं?"

"दिसतं. पण मला वाटलं..."

बाईंनी आलेख उघडला. रेषा दिवसेंदिवस सावकाश खाली येत होती. "दिवा राहिला असता तर एका रात्रीत कडा कोसळावा तशी पडली असती. हा उतार आहे. शाळेत तुला शिकवलंय मी हे. रोज डोळ्यांसमोर होतं आणि तू मला वेड्यात काढत होतास."

"त्या डबीचा आणि बॅटरीचा संबंध असेल असं मला कुठे माहीत..."

"माहीत नव्हतं तर गप्प बसायचं. माझ्यावर खापर कशाला फोडलंस? मी रात्र रात्र जागून माझंच डोकं तपासत होते रे! गाडी उभी राहून मरत होती, आणि तू मला जिवंतपणी मोडीत काढत होतास."

सून हातातला चमचा तसाच धरून उभी होती. "हे मला पण नव्हतं सांगितलं," ती नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज काही बरा नव्हता.

"मावशीला फोन लाव," बाई म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासमोर."

त्याने लावला. "मावशी, ते आईच्या गाडीचं... जरा वायरिंगचा प्रॉब्लेम होता."

"कोणाच्या वायरिंगचा?" बाईंनी मोठ्याने विचारलं.

"मी एक डबी लावली होती. त्यामुळे बॅटरी उतरत होती. आई काही विसरली नव्हती." त्याचे कान लाल झाले होते. फोन ठेवून तो पुटपुटला, "झालं समाधान? गुरुवारी डॉक्टरांकडे तरी जाऊन येऊ. तपासायला काय बिघडतं?"

"तू जा. किल्ली दे."

"खाली ठिणगीकडे आहे." मग धीर करून, खरोखर मदत करायच्या इराद्याने तो म्हणाला, "आई, ठिणगीला सांगून ती डबी नीट जोडून घेऊ का? म्हणजे गाडी बंद असताना वीज जाणार नाही..."

एवढं सगळं होऊन याला फक्त वायरिंगच चुकलेलं दिसत होतं.

"जोडू या की," त्या म्हणाल्या. "तुझ्या गाडीत. ॲप सुनेच्या मोबाईलवर घालू. मंजूर?"

त्याने बायकोकडे पाहिलं. सून म्हणाली, "मला चालेल."

खाली ठिणगीने वायर जोडून दुसऱ्या बॅटरीने गाडी चालू करून दिली. बाई आत बसल्या. इंजिन सुरळीत चाललं होतं, पण त्यांचं डोकं अजून तापलेलं होतं. अशा डोक्याने रस्त्यावर जायचं नसतं, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ते निवेपर्यंत त्या तिथेच बसून राहणार होत्या. मुलगा मागोमाग आला आणि त्याने काचेवर टकटक केलं. काहीतरी बोलतही होता.

त्यांनी काच खाली केली नाही.