भोंग्यावर पूजलेली कॅसेट

मी एक जुनी कॅसेट आहे, मित्रांनो. माझा मुक्काम सुरतेत, लिंबायतच्या एका खानदेशी घरातल्या टेपरेकॉर्डरमध्ये.

माझ्या तपकिरी फितीवर विसाव्या शतकात रचलेला एक कॉन्चेर्टो होता. एकीकडे मोठा वाद्यवृंद आणि दुसरीकडे एकटी क्लॅरिनेट, अशी ती रचना. घरच्या उखाभाऊंनी मला जुन्या वस्तूंच्या गुजरी बाजारातून आणलं, ते वेष्टनावर क्लॅरिनेटचं चित्र बघून. ते एरवी पावरलूमवर काम करत आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत.

कॉन्चेर्टोच्या मध्यावर सगळा वाद्यवृंद थांबतो आणि क्लॅरिनेट एकटीच बोलू लागते. पहिल्यांदा ते ऐकून उखाभाऊ म्हणाले, "बाकीना कोठे ग्यात? चहा पेवाले?"

पुढे मात्र तोच भाग ते रोज लावू लागले. त्यांची मुलगी वर्षा तो ऐकून ऐकून शिकू लागली. कॉलेजच्या युवक महोत्सवात तिला तो वाजवायचा होता. माझे ते दिवस फार सुखाचे होते.

महोत्सव जवळ आला, तरी शेवटच्या ओळी तिच्या हाती बसल्या नव्हत्या. त्यातच खंडेनवमी आली. घरातल्या हत्यारांची आणि वाद्यांची पूजा मांडली. मानाची जागा म्हणून उखाभाऊंनी मला बँडच्या मोठ्या भोंग्याच्या पाठीवर ठेवलं. हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. दसऱ्याला मला उचलून वर्षाने बटण दाबलं, तर नुसती खरखर.

"पप्पा, भोंग्याना मांगे लोहचुंबक रहास," ती रडवेली होऊन म्हणाली. "सगळा सूर पुसाई ग्यात."

"पूजा करीसन मुकी करी टाकी तिले," तिची आई सुंदराबाई नवऱ्याकडे बघत म्हणाली.

उखाभाऊंनी क्लॅरिनेट जोडली, तोंडाकडची पत्ती ओली केली आणि डोळे मिटून तो एकटीचा भाग वाजवायला घेतला.

वर्षाने घाईने माझ्या कडेच्या भोकावर चिकटपट्टी लावली, कारण ते भोक उघडं असेपर्यंत माझ्यावर नवं काही भरता येत नाही. मग तिने लाल बटण दाबलं.

एकदोन ठिकाणी सूर वरातीतल्यासारखे लचकले. वर्षा तेही तसेच शिकली. महोत्सवात परीक्षकांनी खूश होऊन नेमक्या त्याच जागा तिला पुन्हा वाजवायला सांगितल्या.

मित्रांनो, आम्हा कॅसेटींना लोहचुंबकापासून, उन्हापासून आणि धुळीपासून जपा. आणि एखादी मुकी झालीच, तर लगेच भंगारात देऊ नका. पुसलेली फीत कोरी असते. तिच्यासमोर कोणीतरी वाजवायला बसलं पाहिजे, एवढंच.