चार नंबरचं मशीन

बँडचं पहिलंवहिलं गाणं, नू मेटल नावाच्या दणदणाटी रॉकचं, गाजलं आणि ठोंब्याच्या तोंडचं पाणी पळालं. ठोंब्या हे त्याला आत्याने दिलेलं नाव. बँडमध्ये तो ड्रमर, दिवसभर आत्याच्या लाँड्रीत कामाला. स्टुडिओ परवडेना म्हणून रेकॉर्डिंगही लाँड्रीतच झालं. गायक घसा फाटेस्तोवर किंचाळला, ठोंब्याने जीव तोडून ड्रम बडवले आणि चार नंबरचं मशीन बंद करायचं सगळेच विसरले. त्या मशीनचा एक पाय मोडका. ओल्या चादरी पिळताना ते फरशीवर धडाधडा नाचायचं.

"काय तो ठेका! काळीज हललं," असं जो तो लिहीत होता. ठेका मशीनचा होता. ठोंब्याचे ड्रम मागे कुठेतरी, शेजारी कुणी डबे घासत असल्यासारखे.

गायक मनाचा सरळ. "कार्यक्रमाला मशीनच नेऊ," तो म्हणाला. "तू चादरी भर. छान भरतोस तू."

सहा वर्षं हातांना फोड आणून शेवटी चादरी. ठोंब्याला फार लागलं. पण बँड सोडायची छाती होईना. तो चादरींचा गठ्ठा बांधायला लागला.

कार्यक्रमाच्या दिवशी मशीन स्टेजच्या मधोमध आणि ड्रम त्याच्या आडोशाला. लोक "चार नंबर, चार नंबर" म्हणून ओरडत होते. ठोंब्याने ओल्या चादरी भरल्या, बटण दाबलं. मशीन अगदी गुण्यागोविंदाने फिरू लागलं. हूं नाही की चूं नाही.

ठोंब्याने पहिल्या रांगेतल्या आत्याकडे पाहिलं. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता.

"मिस्त्री बोलावून पाय बसवून घेतला," ती खालूनच म्हणाली. "चारचौघांत लंगडत कसं जाईल रे ते?"

गायकाचा चेहरा पांढराफटक पडला. ठोंब्या मशीनमागे जाऊन ड्रमवर बसला. सहा वर्षं रोज तो त्या धडधडीशेजारी उभा होता, हातांना तो ठेका वेगळा सांगावा लागला नाही. लोक बेभान झाले. शेवटी दहाजण स्टेजवर चढले आणि त्यांनी मशीनला मिठ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, "मशीन अप्रतिम. ड्रमर कुठे दिसला नाही."

ठोंब्याने ते दोनदा वाचलं. आयुष्यात इतका आनंद त्याला कधी झाला नव्हता. आत्या मात्र ओशाळून हातोडी घेऊन आली.

"मोडू का परत पाय?"

"नको," ठोंब्या म्हणाला. "त्याला आता आराम करू दे."