बेबीनंदाच्या नावातला काना

मित्रांनो, मी जुना आहे, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. माझा पडदा पुढे फुगलेला आहे, पाठीला कुबड आहे आणि कळफलकावरची निम्मी अक्षरं बोटांनी पुसून नेली आहेत. मी एक घरगुती कॉम्प्युटर आहे, पण कुठल्या एका कंपनीचा नाही. जुन्या जालन्यात भिवा नावाच्या माणसाचं दुकान होतं. त्याने पेटी एकीकडून आणली, पडदा दुसरीकडून, पंखा तिसरीकडून, आणि मला जोडून उभं केलं. म्हणूनच असेल, माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. पोटात फिरणारा पंखा आपला की परका, हेच ज्याला नीट माहीत नाही, त्याने जगावर भरवसा ठेवायचा तरी कसा?

दोन हजार चार साली मस्तगडातल्या दीनानाथरावांनी मला घरी नेलं. ते सरकारी कचेरीत कारकून होते. मुलगी तारा कॉलेजात होती, तिला कॉम्प्युटर यायला हवा म्हणून त्यांनी मला आणलं खरं, पण आणल्या दिवसापासून त्यांची माझ्यावर नजर होती. कचेरीत त्यांना कुणी तरी सांगितलं होतं की, या यंत्रावर एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवता येतं. मग त्यांनी मला बैठकीत अशा कोपऱ्यात मांडलं की, स्वयंपाकघरातून, ओसरीवरून, अगदी नळावरूनसुद्धा पडदा दिसावा. येता-जाता ते थांबत.

"काय चाललंय?" ते विचारत.

"शिकते आहे, बाबा," तारा म्हणे.

"काय शिकते आहेस, ते विचारलं."

त्यांना वाटे, मुलगी कुणाशी तरी बोलते. मी त्यांचे डोळे पाही आणि मलाही वाटे, की असेल, आपल्याला कळत नसेल.

खरी गोष्ट निराळीच होती. परतूरला एका लग्नात ताराने बेबीनंदाला पाहिलं होतं. बेबीनंदा वाटूरची. शेतात राबणारी बाई, पण लग्नात, जत्रेत भारूड म्हणायची. आंधळ्या म्हातारीचं सोंग घेऊन ती काठी टेकत मांडवात शिरायची, अडखळायची, लोकांना हसवून हसवून बेजार करायची, आणि शेवटच्या कडव्याला अशी थांबायची की मांडवात कुणी खोकत नसे. तारा त्या दिवसापासून तिची झाली. त्या लग्नाची सीडी तिने मागून आणली आणि माझ्या पोटात उतरवून घेतली. दुसऱ्या मुली सिनेमाच्या नट्यांची चित्रं भिंतीला लावत. ताराला बेबीनंदाची फिल्म करायची होती.

चित्रं कापायचं-जोडायचं एक साधं सॉफ्टवेअर माझ्यात आधीपासून होतं. शिकवणारं मात्र कुणी नव्हतं. खाली एक लांब पट्टी असते, तिच्यावर चित्रांचे तुकडे ओढून ठेवायचे, नको ते कापायचं, हे तिने चुका करत करत शोधून काढलं. कधी बेबीनंदाचं तोंड हले आणि आवाज मागाहून येई. कधी सगळं जुळून फिल्म तयार होत आलेली असे, आणि नेमके दिवे जात. भारनियमनाने तिला किती वेळा रडवलं, ते मीच पाहिलं आहे. तिला कापताना पाहून मला मात्र धाकधूक वाटे. चांगल्या धड बाईचे ही तुकडे का करते? ते ती पुन्हा नीट जोडील कशावरून?

एक दिवस तिने गंमत केली. आंधळ्या म्हातारीच्या अडखळण्याला तिने धांगडधिंग्याचं नाचाचं संगीत लावलं आणि चित्राची गती वाढवली. वरून चांदण्या पाडल्या. शेवटी अक्षरं टाकायला शिकली, म्हणून नावंही टाकली. पण मराठी अक्षरांत काना कुठल्या कळीवर आहे, हे तिला सापडेना. त्यामुळे पडद्यावर आलं, 'बेबीनंद, वटूर'. खाली स्वतःचं नाव आलं, 'तर, मस्तगड, जलन'. ती एकटीच खूप हसली आणि ते तसंच माझ्यात ठेवून दिलं.

पुढे माझा सीडी लिहायचा भाग बिघडला. तो एकही सीडी लिहीना. दीनानाथरावांनी मला रिक्षात घालून भिवाकडे नेलं. भिवाने नवा भाग बसवला, तो चालतो का ते पाहिलं आणि मला परत पाठवलं. त्या दुकानात काय झालं ते मला ठाऊक होतं. पण मित्रांनो, मला तोंड नाही. कुणी विचारल्याशिवाय मी काहीच दाखवू शकत नाही, आणि काय विचारायचं हे माणसांना उशिरा सुचतं.

घरी आल्यावर शेजारची प्रभावती ताराजवळ येऊन बसली. दोघी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. तारानं तिला ती गमतीची फिल्म दाखवली.

"तारे, बेबीनंद काय? बाईचा बाप्या करून टाकला तू," प्रभावती म्हणाली. तिनेच शोधून काढलं की काना अमुक कळ दाबून येतो. तारानं नावं दुरुस्त केली, नव्या भागावर पहिली सीडी लिहिली आणि ती प्रभावतीला दिली. मग ती खऱ्या फिल्मच्या मागे लागली. गंमत ती विसरूनही गेली.

उन्हाळा सरत आला होता. एका सकाळी दारात दोन माणसं उभी राहिली. बेबीनंदा, आणि तिच्या पुढे तिचा नवरा भुजंग. भुजंगच्या हातात एक सीडी होती.

"साहेब," तो दीनानाथरावांना म्हणाला, "ही तुमच्या घरातून निघाली. वाटूरच्या फाट्यावर हाटेलात रोज लावून राह्यलेत. माझी बायको दारू पिऊन नाचती म्हणून लोक हसून राह्यलेत. मस्तगड लिवलेलं दिसलं, म्हणून गल्लीत इचारलं, कोणती पोरगी कॉम्प्युटरवर फिल्म करती. समद्यांनी ह्येच घर दावलं."

दीनानाथरावांनी ताराकडे पाहिलं. "मला हेच वाटत होतं," ते सावकाश म्हणाले. "पहिल्या दिवसापासून."

ताराची आई, अरुंधतीबाई, स्वयंपाकघराच्या दारात आल्या.  जिच्यासाठी तारा इतके महिने तुकडे जुळवत बसली होती ती बाई तिच्या घरात आली होती, आणि ती अशी आली होती.

"मी बाहेर दिली नाही, बाबा. खरंच नाही."

"मग पाय फुटले तिला?"

आणि तेव्हा ताराच्या तोंडून नाव निघालं. "एक सीडी प्रभाकडे होती. फक्त तिच्याकडेच."

प्रभावतीला हाक गेली. ती ओले हात पुसत आली, आणि सगळे आपल्याकडेच बघताहेत हे पाहून उंबऱ्यातच थांबली.

"माझी सीडी घरात आहे," ती म्हणाली. "आणून दाखवू का?"

"आता दाखवून काय उपयोग?" तारा म्हणाली. "तुझ्या भावानं कॉपी काढून वाटली असेल. त्याचे मित्र त्या फाट्याकडेच असतात."

 प्रभावती उंबऱ्यातूनच मागे फिरली.  

भुजंग म्हणाला, "कुणी का वाटंना. आमचं काय व्हायचं ते झालं. आजपासून गाणं बंद. घरातल्या समद्यांनी ठरवलंय."

 आता बेबीनंदा पुढे आली. "मला बघायची हाये ती."

"काय करायची बघून?"

"म्या आजून बघितलीच न्हाई. ज्याच्यापायी माझं गाणं बंद करून राह्यले, ते मला दिसू तरी द्या."

तारानं त्यांची सीडी माझ्यात घातली. बेबीनंदा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. म्हातारी भराभरा अडखळू लागली, चांदण्या पडू लागल्या. बेबीनंदा हसली नाही, रागावलीही नाही. हरवलेली वस्तू शोधावी तसं ती बघत होती.

"पदर माझा, काठी माझी," ती म्हणाली. "आवाज कुठं गेला?"

 शेवटी नावं आली. तिने एकेक अक्षर लावून वाचलं. "बे-बी-नं-द. नावबी बराबर न्हाई. हा कोण बाप्या?"

तारा एकदम जवळ आली. तिने ती अक्षरं पाहिली, पुन्हा पाहिली, आणि वडिलांकडे वळली.

"बाबा, ही प्रभाची सीडी नाही," ती म्हणाली. "प्रभानंच मला काना शिकवला. तिला दिली तिच्यात नाव बरोबर आहे. आणि नाव चुकलेलं होतं, तेव्हा याच्यावर सीडी निघतच नव्हती. म्हणून तर तुम्ही याला भिवाकडे नेलं होतं."

दीनानाथराव माणूस संशयी, पण कारकून होते. कोणतं आधी, कोणतं नंतर, हे त्यांना चटकन कळलं. त्यांनी भुजंगला स्कूटरवर मागे बसवलं आणि जुन्या जालन्यात गेले. परत आले तेव्हा दोघांचेही चेहरे उतरलेले होते.

"भिवा म्हणतो, नवा भाग चालतो का ते बघायला हाताला लागली ती फाईल सीडीवर टाकली," दीनानाथरावांनी सांगितलं. "ती टेबलावर पडून होती. कुणी उचलली, त्याला माहीत नाही. त्याच्या ध्यानातसुद्धा नव्हतं."

"म्हंजे दोष कुणाचाच न्हाई," भुजंग कडवटपणे म्हणाला.

"माझा आहे," तारा म्हणाली. "बनवली मीच. ताई, मी गंमत म्हणून तुमच्या चालण्याला ते संगीत लावलं होतं."

बेबीनंदाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "आंधळीच्या चालण्यात गंमत दिसली तुला. दिसंल. म्या बी हसवतेच की लोकाला. पण म्या हसवून रडवते. तू निस्तं हसवलं."

मग ताराने, विचारायचा धीर करून, आपली खरी फिल्म दाखवली. बेबीनंदाने स्वतःला समोरून असं कधी पाहिलंच नव्हतं. ती पुढे सरकली. भुजंग आधी पाठ करून उभा होता, तोही वळला. शेवटचं कडवं आलं आणि बेबीनंदाने हात वर केला.

"हितं काय कापलंस?"

"तिथं तुम्ही काही म्हणत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या. म्हणून काढलं."

"अगं, तेच तर भारूड हाये."

तारानं कापलेला तुकडा शोधला आणि होता तसा पट्टीवर परत ठेवला. त्या दुपारी अरुंधतीबाईंनी पाहुण्यांना जेवू घातलं. ताराने नवी सीडी लिहून भुजंगच्या हातात दिली. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली. त्याचा विश्वास बसला होता असं मी म्हणणार नाही. पण काही दिवसांनी तो बाजाराला आला, तेव्हा ओसरीवर बसून सांगून गेला.

"त्याच हाटेलात लावाया लावली. पहिले लोक हसले, नेहमीवानी. मंग ती थांबती ना, तिथं चहावाल्यानं स्टो बंद केला. आवाज होऊन राह्यला म्हणून." जायला उठत तो म्हणाला, "समद्यांची तोंडं बंद झाली आसं न्हाई. पण गाणं चालू हाये."

घरात दीनानाथरावांचं येता-जाता थांबणं कमी झालं. एकदा तर ते स्वतःच खुर्ची ओढून ताराजवळ बसले आणि फिल्म कशी जोडतात ते विचारू लागले. मला ते जरा संशयास्पदच वाटलं, पण त्यांना खरंच बघायचं होतं.

प्रभावतीचं मात्र सोपं नव्हतं. पाहुणे गेले त्याच संध्याकाळी तारा तिच्या घरी गेली होती. परत येऊन ती आईला काय म्हणाली, ते मी ऐकलं. प्रभावतीने तिला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "राग न्हाई मला. पण तू पहिलं नाव माझं घेतलं, तारे. ते डोक्यातून जात न्हाई." नंतर ती येई, कामाचं बोले, पण माझ्यासमोर ताराशेजारी कधी बसली नाही.

दोन वर्षांनी प्रभावतीचं लग्न ठरलं. चित्रीकरण तारानेच करावं, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं. तारानं भाड्याचा कॅमेरा आणला, आणि लग्नानंतर ते सगळं माझ्यात उतरवून जोडायला बसली. हळदीत, मांडवात, पंगतीत, प्रभावती सगळ्यांकडे बघत होती, कॅमेऱ्याकडे नाही. तारा ते तुकडे जोडत होती. मी मनात म्हटलं, हिने अजून माफ केलेलं नाही.

मग पाठवणीचा तुकडा आला. नवरी गाडीपर्यंत गेली, आणि वळून थेट कॅमेऱ्याकडे येऊ लागली. तिने हात पुढे केला आणि तळवा काचेवर ठेवला. माझा पडदा काळा झाला. मला वाटलं, हा राग. पण त्या अंधारातून आवाज आला, "बस कर आता, तारे. ठेव ते. ये इकडं." मग बराच वेळ दोघींच्या रडण्याचा आवाज, आणि चित्र काहीच नाही.

ताराने तो काळा तुकडा कापला नाही.

मित्रांनो, आता ताराही सासरी आहे. मला भंगारात द्यायचं घरात चाललं आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. आमच्यासारख्यांचं तेच होतं. पण यंत्र हातावेगळं करताना त्याच्या पोटात काय आहे ते आधी बघून घ्या, एवढीच विनंती. माझ्यात अजून तो काळा तुकडा आहे. वरवर पाहणाऱ्याला तो रिकामा वाटेल. मला देण्याआधी तेवढा ऐकून, काढून घ्या.